'मातृशोक' आणि बाईचा इतिहास

एखाद्या पुढाऱ्याची, सरपंचाची किंवा मुख्याध्यापकाची आई वारली म्हणजे जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात बातमी येते. तिचा मथळा ठरलेला असतो : 'अमुक यांना मातृशोक.' मरण बाईचे, आणि मथळ्यात नाव मुलाचे. बाईचे नाव दुसऱ्या ओळीत, तेही नवऱ्याच्या नावाला जोडून. मग वय, मग 'वृद्धापकाळाने', मग 'त्यांच्या पश्चात दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे'. बातमी संपली. सत्तर-ऐंशी वर्षे शेतात, रानात, खडीच्या ढिगावर आणि चुलीपुढे राबलेला एक देह चार ओळींत आटोपला.

ही प्रस्थापितांची रीत आहे असे म्हणून आपल्याला हात झटकता आले असते. परंतु आपल्या वस्त्यांतील जलदानविधी-पुण्यानुमोदनाच्या पत्रिका, आपल्या संघटनांच्या शोकसभांतील भाषणे आणि आपल्याच नियतकालिकांत छापले जाणारे श्रद्धांजलीपर लेख एकदा ओळीने वाचून पाहावेत. तिथे तरी वेगळे काय दिसते? वृद्ध स्त्रीचे स्मरण हा वाङ्मयप्रकार आपण कधी टीकेचा विषय केला नाही. मृत्यूच्या प्रसंगी लिहिलेल्या मजकुराची चिकित्सा करणे अशिष्टपणाचे वाटते. पण ज्या चळवळीने देवाधर्माची चिकित्सा केली तिने शोकलेखाला सोवळे का मानावे? शोकलेख हा इतिहासाचा पहिला मसुदा असतो. बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत तोच शेवटचाही ठरतो. म्हणून त्याची तपासणी करणे अगत्याचे आहे.

ढोबळमानाने या लेखनाचे तीन साचे आहेत. पहिला साचा 'माऊली'चा. त्यात बाई सोशीक असते, उपाशी राहून मुलांना घास भरवते, फाटके नेसून त्यांना शिकवते. दुसरा साचा 'सहचारिणी'चा. त्यात नवरा किंवा मुलगा चळवळ करतो आणि ती कार्यकर्त्यांना भाकरी वाढते. तिसरा साचा संख्येचा. तो चळवळीच्या अहवालांत सापडतो : 'मोर्चात स्त्रियाही मोठ्या प्रमाणावर सहभागी होत्या.' हे तिन्ही साचे खोटे आहेत असे माझे म्हणणे नाही. उपाशी राहून घास भरवणे हे सत्यच आहे आणि शंभर कार्यकर्त्यांच्या भाकरी थापणे हे राजकीय काम आहे. माझा आक्षेप निराळा आहे. या साच्यांतून बाहेर पडणारी वाक्ये तपासा. त्यांत नामे भरपूर असतात : त्याग, कष्ट, संस्कार, माया, सोशिकपणा. क्रियापदे मात्र नसतात. तिने काय ठरवले, ती कुठे गेली, कोणाशी भांडली, काय नाकारले, कशात हरली, याविषयी एक वाक्य नसते. त्यागमूर्ती ही मूर्तीच असते. आणि मूर्ती काही करीत नाही, तिच्यासमोर इतर लोक काहीतरी करतात.

याच्या उलट आपल्या खेड्यापाड्यांतल्या बायका प्रेताशेजारी बसून हेल काढून रडतात, तेव्हा काय करतात ते ध्यानात घ्यावे. त्या मेलेल्या बाईशी थेट बोलतात. तू अमक्या साली असे केलेस, तू तेव्हा माझ्याबरोबर आलीस, तू मला असे म्हणालीस. त्या रडण्यात सन असतो, रस्ता असतो, उसने घेतलेले पायलीभर धान्य असते, जुने भांडणही असते. निरक्षर बायकांच्या आक्रोशात जे चरित्र असते ते साक्षर माणसाच्या श्रद्धांजलीत उतरत नाही, ही आपल्या लेखनसंस्कृतीवरची मोठीच टीका आहे.

दलित साहित्याने हा साचा फोडला नाही काय? निश्चितच फोडला. बाबुराव बागूल यांची 'आई' ही कथा आठवावी. त्यांनी उभी केलेली आई पूजेची वस्तू नाही. ती देह असलेली, इच्छा असलेली बाई आहे, आणि मुलाच्या संशयी नजरेचा प्रश्न लेखकाने टाळलेला नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'तील (१९८४) आजी संतामाय ही जातधर्माची कुंपणे ओलांडून एका मुसलमान माणसाबरोबर जगते आणि नातवाला वाढवते. शांताबाई कांबळे यांच्या 'माझ्या जल्माची चित्तरकथा'तील (१९८६) नाजा शिकते, शिक्षिका होते आणि नवऱ्याने दुसरे लग्न केल्यावर त्याचे घर सोडते. कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट'मध्ये (१९८१) संस्कृत शिकलेल्या महार मुलीला नोकरी कशी नाकारली गेली आणि लग्नानंतर आडनाव बदलताच ती कशी मिळाली, हे उपरोधाने नोंदवले आहे. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'चे लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. या सर्व स्त्रिया 'करणाऱ्या' आहेत.

शांताबाई कांबळे २५ जानेवारी २०२३ रोजी शंभरीच्या उंबरठ्यावर असताना गेल्या. त्याच वर्षी कुमुद पावडेही गेल्या. दोघींविषयी लिहून आले. पण त्यांच्या स्मरणाला आधार होता तो त्यांनी स्वतः लिहिलेल्या पुस्तकांचा. शोकलेख लिहिणाऱ्याने साचा वापरला तरी पुस्तक त्याला खोटे पाडायला उभे होते. खरा प्रश्न ज्यांनी पुस्तक लिहिले नाही त्यांचा आहे. या प्रश्नाला आपल्याकडे एकदा भक्कम उत्तर दिले गेले आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील वृद्ध स्त्रियांच्या घरोघरी जाऊन, त्यांना बोलते करून 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या नावातच क्रियापद आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचना डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची परिषद भरली आणि तिने घटस्फोटाच्या हक्काचा व बहुपत्नीत्वाच्या विरोधाचा ठराव केला, हे आपण आज अभिमानाने सांगतो. पण अशा प्रसंगांमागच्या स्त्रिया कोण होत्या, घरून कशा निघाल्या, परतल्यावर त्यांना काय ऐकावे लागले, हे कळायला कोणीतरी त्यांच्या दारात जाऊन बसावे लागले. ते काम पाच-दहा वर्षे लांबले असते तर त्या ग्रंथातील कितीतरी आवाज कायमचे मिटले असते.

हा मापदंड हाती घेऊन मी आता माझ्या जिल्ह्याकडे वळतो.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे, आणि स्त्रियांची साक्षरता तेव्हाही साठ टक्क्यांच्या खाली होती. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या भिल्ल, पावरा, मावची स्त्रियांत अक्षरओळख असलेली बाई शोधावी लागेल. म्हणजे या स्त्रिया आत्मकथा लिहून ठेवणार नाहीत हे उघड आहे. आणि याच स्त्रियांनी पन्नास वर्षांपूर्वी जे केले त्याची दखल जगाने घेतली होती.

शहाद्याची चळवळ तरुण वाचकांना नुसती ऐकून ठाऊक असेल. भिल्लांच्या जमिनी सावकारी आणि गहाणवटीतून बागायतदारांच्या हाती गेल्या होत्या. जमिनीचा मालक त्याच जमिनीवर सालदार झाला होता. १९७१ च्या पाटीलवाडीच्या घटनेनंतर हा असंतोष उघड झाला. अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आणि बाहेरून आलेल्या तरुण कार्यकर्त्यांच्या साथीने १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. दुष्काळ होता. खडी फोडण्याच्या कामावर स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. मजुरीच्या, कामाच्या मागणीसाठी त्या पुढे आल्या. आणि मग त्यांनी असे काही केले जे कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. दारूच्या गुत्त्यांवर आणि भट्ट्यांवर चालून जाऊन त्यांनी मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्या पुरुषाला घेरून त्याला चारचौघांत माफी मागायला लावली.

या कृतीचे मोल समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३७-३८ च्या सुमारास 'आप'चा पंथ काढला, तेव्हा दारू सोडण्याचा उपदेश हजारो आदिवासींनी ऐकला होता. तो उपदेश आरतीतून आला, भक्तीतून आला, आणि दारू सोडणे हा पुरुषाने स्वतःशी केलेला निश्चय होता. सत्तरच्या दशकात तीच दारू निराळ्या बाजूने प्रश्नाखाली आली. मोहाचे फूल देवाला चालते, सणाला चालते. त्याच्याशी बायकांचे वैर नव्हते. मजुरीचा पैसा घरी येण्याआधी ज्या गुत्त्यात जातो तो गुत्ता आणि तिथून रात्री घरी येणारी मारहाण यांच्याशी त्यांचे वैर होते. उपदेशाची जागा कृतीने घेतली आणि ती बायकांनी घेतली. धर्मसुधारणेपासून स्त्रीच्या स्वतंत्र राजकारणापर्यंतचा हा प्रवास सातपुड्याच्या पायथ्याशी चाळीस वर्षांच्या आत झाला, आणि मराठी वैचारिक साहित्यात त्याचे विवेचन बोटांवर मोजण्याइतके आहे.

त्या वेळी या स्त्रियांविषयी कोणी लिहिले? अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑमव्हेट यांनी लिहिले. जर्मनीच्या मारिया मीस यांनी १९७६ साली शहाद्याच्या चळवळीवर दीर्घ निबंध लिहिला. गेल ऑमव्हेट २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावला वारल्या, तेव्हा त्या ऐंशी वर्षांच्या होत्या. मारिया मीस मे २०२३ मध्ये ब्याण्णवाव्या वर्षी गेल्या. दोघींना जगभर श्रद्धांजली वाहिली गेली आणि ते उचितच होते. भारतीय स्त्रियांच्या लढ्यांवरील ऑमव्हेट यांच्या १९८० च्या इंग्रजी पुस्तकाचे नावही 'आम्ही हा तुरुंग फोडू' अशा अर्थाचे आहे. तिथेही क्रियापद आहे. परंतु विचार करावा. ज्यांनी पाहिले आणि लिहिले त्या गेल्या. ज्यांनी केले त्याही एकामागून एक जात आहेत. आणि जे लिहिले गेले ते बव्हंशी इंग्रजीत आहे. ते त्या स्त्रियांच्या नातींपर्यंत पोचत नाही.

आता माझी स्वतःची कबुली. मी शिक्षक आहे, आणि खेड्यात शोकलेख लिहिण्याचे काम शिक्षकाकडेच येते. शहादा तालुक्यातील एका गावात काही काळापूर्वी एक भिल्ल म्हातारी वारली. तिच्या मुलाच्या आग्रहावरून मी एका साप्ताहिकासाठी तिच्यावर लिहिले. घरच्या पुरुषांनी सांगितले ते लिहिले : शांत स्वभावाची, सोशीक, कष्टाळू, मुलांना आश्रमशाळेत घालणारी. दिवसाच्या कार्यात तो लेख वाचून दाखवला गेला. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका कडेला तिच्याच वयाची एक बाई बसली होती. मी तिच्याजवळून जाताना ती हसून आपल्या बोलीत जे म्हणाली त्याचा आशय असा : सोशीक? ती? तिने पहिली भट्टी फोडली ती सासऱ्याची. मग बाकीच्या बायकांना धीर आला.

मी थबकलो. नंतर त्या बाईने तुकड्यातुकड्यांनी सांगितले. सासऱ्याची भट्टी फोडल्यावर तिला काही दिवस घरात घेतले नाही. ती खळ्यात झोपली. संघटनेच्या बैठकीला गेली तेव्हा मूल कडेवर होते. पुढे संघटनेत मतभेद झाले, तेव्हा ती कुठल्याच बाजूला गेली नाही आणि मग बैठकांना जाणेच तिने सोडले. म्हातारपणी सणावाराला ती घोटभर घेतही असे. यातले एकही वाक्य माझ्या लेखात नव्हते. मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, आजोबाचं नाव निघेल म्हणून नाही सांगितलं."

या एका प्रसंगात आपल्या स्मृतिलेखनाचा सगळा व्यवहार उघडा पडतो. माऊलीचा साचा भोळेपणाने वापरला जातो असे नाही. तो काहीतरी झाकण्यासाठी वापरला जातो. बाईच्या कृतीचा रोख बहुतेकदा घरच्याच पुरुषावर असतो. म्हणून तिच्या कृतीची नोंद घराण्याला अडचणीची ठरते. तिला 'सोशीक' म्हटले की सासऱ्याची भट्टी, नवऱ्याची मारहाण, संघटनेतील मतभेद हे सारे एकदमच मिटते. सोशीक हा शब्द तिच्यासाठी नसतोच. तो जिवंत असलेल्यांच्या सोयीसाठी असतो. आणि दारूविरुद्ध लढलेली बाई उतारवयात घोटभर घेत होती, ही विसंगती लपवण्यासारखी का वाटावी? तिचा लढा मोहाच्या फुलाशी नव्हता, हे त्याच तपशिलातून अधिक स्पष्ट होते. मूर्तीला विसंगती परवडत नाही, माणसाला परवडते.

भाषेचाही मुद्दा येथे आहे. त्या समवयस्क बाईने भिल्ली बोलीत जी वाक्ये सांगितली त्यांत मारणे, फोडणे, ओढणे, बसून राहणे अशी रोखठोक क्रियापदे होती. मी घरी येऊन वहीत लिहू लागलो तेव्हा माझ्या लेखणीतून आले : 'त्यांनी अन्यायाविरुद्ध आवाज उठविला.' कोणाचा अन्याय? कोणता आवाज? तिने आवाज उठवला नव्हता, काठी उचलली होती. प्रमाण मराठीत शिकलेले आपण सारे कृतीचे रूपांतर असे गुळगुळीत शब्दप्रयोगांत करून टाकतो. वाहरू सोनवणे यांनी 'गोधड'मधून (१९८७) भिल्ल माणसाचे जगणे कवितेत आणले आणि आदिवासींच्या वतीने व्यासपीठावरून बोलणाऱ्यांना आरसा दाखवला. त्या आरशात आपण शोकलेख लिहिणाऱ्यांनीही पाहायला हवे. मेलेल्या माणसाच्या वतीने बोलण्याइतके निर्धोक व्यासपीठ दुसरे नाही; तिथे खालून कोणी 'हे खोटे आहे' असे म्हणत नाही. माझ्या नशिबाने एक बाई म्हणाली.

सातपुड्याच्या वरच्या अंगाला, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत, स्थिती आणखी बिकट आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील तेहतीस गावे आली. मणिबेलीपासून पुढच्या नर्मदाकाठच्या स्त्रियांनी मोर्चे काढले, पाण्यात उभ्या राहिल्या, तुरुंगात गेल्या. त्यांतल्या अनेक जणी तळोदा तालुक्यातील वसाहतींत म्हाताऱ्या झाल्या. शहाद्याच्या म्हातारीचे निदान खळे तरी दाखवता येते. नर्मदाकाठच्या म्हातारीच्या आठवणींची जागाच बुडाली आहे. नंदिनी ओझा यांनी 'लढा नर्मदेचा' या पुस्तकात निमगव्हाणच्या केशव वसावे आणि केवलसिंग वसावे या कार्यकर्त्यांचा मौखिक इतिहास शब्दबद्ध केला आहे. मौखिक इतिहास कसा ऐकावा याचा तो वस्तुपाठ आहे. त्याच काठच्या स्त्रियांच्या कथनाचे तितकेच भरीव मराठी पुस्तक त्याच्या शेजारी यायला हवे, आणि त्याची जबाबदारी एकट्या ओझा यांच्यावर टाकून चालणार नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. भिल्ल स्त्रियांचा प्रश्न आदिवासी साहित्याचा आहे. दलित साहित्याच्या त्रैमासिकात त्याचे प्रयोजन काय? उत्तर जुनेच आहे. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने 'दलित' या शब्दाच्या कक्षेत अनुसूचित जातींबरोबर जमाती, भूमिहीन मजूर आणि स्त्रिया यांना घेतले होते. शहाद्याच्या म्हाताऱ्या एकाच वेळी या तिन्हींत मोडतात. व्याख्या विस्तारणे सोपे असते. त्या व्याख्येत घेतलेल्या माणसांची नावे ठाऊक असणे हे बांधिलकीचे खरे गमक होय. आदिवासी लेखकांनी आपला इतिहास स्वतः लिहावा हे निर्विवाद. त्यासाठी आपली पाने आणि आपले श्रम त्यांच्या हाती द्यावेत, एवढेच आपले काम.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. घरच्यांना नको असलेली गोष्ट छापण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? हा आक्षेप मी हलका मानत नाही. म्हणूनच वर मी त्या बाईचे नाव, गाव लिहिलेले नाही. पण याचा अर्थ असाही होतो की, तिचे नाव लिहिण्याचा अधिकार देऊ शकणारी एकच व्यक्ती होती, ती स्वतः. आणि ती जिवंत असताना मी तिला विचारले नाही. मेल्यानंतर लिहायचे म्हटले की परवानगी मुलाची लागते आणि मग 'मातृशोका'चा मथळा आपोआप येतो. बाईचा इतिहास बाईच्या परवानगीने लिहायचा असेल तर तो तिच्या हयातीतच लिहिला पाहिजे.

तेव्हा विद्यार्थी, शिक्षक आणि कार्यकर्ते यांना काही साधी सूचना करावीशी वाटते. आपल्या गावातील सत्तरीच्या पुढच्या स्त्रियांची यादी करावी. प्रत्येकीचे माहेरचे नावही लिहावे. ते पुष्कळदा कोणालाच ठाऊक नसते. तिच्याकडे जाताना घरच्या पुरुषाला मध्यस्थ करू नये, आणि तिच्या जोडीने काम केलेली दुसरी बाई असेल तर दोघींना एकत्र बसवावे. एकीचे विसरलेले दुसरी सांगते, एकीने गोड केलेले दुसरी कडू करते. तुमचे आयुष्य कसे गेले, असे विचारू नये. त्याला 'कष्टात गेले' एवढेच उत्तर येते. तुम्ही कुठे गेला होता, कोणाबरोबर, घरी काय सांगून निघालात, परत आल्यावर काय झाले, असे विचारावे. सांगितलेले आधी तिच्या बोलीत देवनागरीत उतरवावे, अर्थ नंतर खाली लिहावा. आणि वाचून तिला ऐकवावे. ती जे काढायला सांगेल ते काढावे. या पद्धतीने केलेली दहा-दहा पानांची टिपणे प्रत्येक महाविद्यालयातून आली तरी या जिल्ह्याचा निराळा इतिहास उभा राहील.

माझ्या लेखात 'सोशीक' हा शब्द ऐकून हसलेली ती बाई अजून आहे. डोळ्यांना कमी दिसते, ऐकू मात्र नीट येते. पहिल्या भट्टीच्या वेळी तीही तिथे होती, असे ती बोलता बोलता सांगून गेली. तिने स्वतः काय केले ते मी तेव्हाही विचारले नाही, कारण मी मेलेल्या बाईविषयीच विचारत होतो. कापूस वेचणी सुरू होण्याआधी वही घेऊन तिच्या ओट्यावर जायचे मी ठरवले आहे.